पंपवाले मामा आणि दोन पहारेकरी

माझ्या मामाला एखादं यंत्र गुपचूप चालताना बघवत नाही. ते चालतंय म्हणजे कधीतरी बंद पडणार, आणि बंद पडायच्या आत आपण हातात पान्हा घेऊन त्याच्यापाशी उभं असलं पाहिजे, अशी त्याची पक्की समजूत आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात त्याने उभी हयात काढली, त्याचा हा परिणाम. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी इमारतीत सगळे त्याला 'पंपवाले' म्हणतात आणि कुणाचा नळ गळला की आधी त्याचं दार वाजतं. नळ दुरुस्त झाला तरी मामा तिथून हलत नाही. स्टुलावर बसून त्या नळाकडे बघत राहतो. घरच्यांना मग चहा करावाच लागतो.

मामी म्हणायची, "माझे गुडघे कुरकुरतात ते यांना ऐकू येत नाहीत. मिक्सर जरा वेगळा बोलला की मात्र जेवणावरून उठतात." हे ती मामाच्या समोर म्हणायची, आणि मामा ते कौतुक समजून मान डोलवायचा.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला. आला तो खरं तर मामीसाठी. मामी शाळेत विज्ञान शिकवायची. नोकरी संपल्यावर ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायला लागली. आतल्या खोलीत टेबल, त्यावर माइक, खिडकीला जाड चादर, आणि दाराला आतून कडी. गेलं वर्षभर ती एकाच मुलीसाठी वाचत होती. ती मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिचं पुस्तक उशीसारखं जाड, आणि त्यात पानोपानी आकृत्या. मजकुरात लिहिलेलं असायचं, 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे'. जिला आकृती दिसतच नाही तिला हे वाक्य वाचून दाखवणं म्हणजे थट्टाच की.

मामीने त्यावर स्वतःचा तोडगा काढला. आकृती आली की ती पुस्तक बाजूला ठेवायची आणि माइकमध्ये सांगायची, "आता तुझा डावा हात टेबलावर पालथा ठेव. उजव्या हाताचं बोट कोपराच्या आतल्या बाजूला ने. तिथे एक खाच लागेल. जरा दाब. करंगळीपर्यंत मुंग्या गेल्या ना? तीच ती नस." हे सगळं आधी मामाच्या हातावर करून बघितलेलं असायचं. मामाच्या दोन्ही हातांची एकही नस मामीच्या बोटांतून सुटलेली नाही. तो बिचारा बाही वर करून बसायचा आणि मुंग्या आल्या की प्रामाणिकपणे सांगायचा.

पुस्तक संपत आलं आणि मामीचा घसा बसला. तो बसला तो उठेचना. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठ आहे, साधी आहे, पण काढावी लागेल. त्यानंतर काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. आवाज परत येईल का, असं मामीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, येईल, पण कसा येईल ते आत्ता सांगता येणार नाही. मामीने घरी येऊन कडी लावली आणि उरलेली प्रकरणं, मनगटापासून बोटांपर्यंतची, त्या फाटक्या आवाजात संपवली. मग दवाखान्यात जाऊन गाठ काढून आली. तेव्हापासून घरात एक पाटी आणि खडू. बोलायचं ते पाटीवर.

इतकी वर्षं जिच्या बोलण्यावर मामाचा दिवस सुरू व्हायचा आणि संपायचा, ती आता लिहून बोलत होती. मामाला सुटल्यासारखं वाटत असेल, असं आम्हाला वाटलं होतं. उलट तो घरभर हरवल्यासारखा फिरत होता.

आणि एका रविवारी सकाळी त्याचा मला फोन आला. "अगं, येतेस का जरा? कॉम्प्युटर जरा..." पुढे काही बोलेना. एवढ्याशा आवाजात बोलणारा माझा मामा नव्हे.

मी दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची नावं आणि वयं टाइप करते. पण एकदा मी घरचा प्रिंटर चालू करून दाखवला, आणि तेव्हापासून आमच्या सगळ्या खानदानात मी कॉम्प्युटरची डॉक्टर. नको नको म्हटलं तरी पदवी काही सुटत नाही. गेले.

दार मामाने उघडलं. मामी आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली होती. मी जवळ गेले तशी तिने पाटी माझ्याकडे वळवली. लिहिलं होतं, 'शेवटची प्रकरणं नाहीत. सगळीकडे बघितलं.' खाली, जरा जोरात दाबून, 'यांची साफसफाई.'

मामा दारातच उभा होता. ती मुलगी संध्याकाळी यायची होती. तिची परीक्षा तोंडावर आली होती.

"मामा," मी म्हटलं, "तू या कॉम्प्युटरचं नेमकं काय काय करतोस, ते पहिल्यापासून सांग."

तो स्टूल ओढून बसला आणि सांगायला लागला. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्याला लावतो आणि मूठ कानाला. पंपाचे बेअरिंग असेच ऐकायचे असतात म्हणे. आतली डिस्क कशी फिरतेय ते त्याला कळतं. मग एक प्रोग्राम लावतो, तो डिस्कवरच्या विखुरलेल्या फाइली गोळा करून ओळीत लावतो. त्यात रंगीत चौकोन सरकतात. ते सरकताना बघत मामा चहा पितो. मग झाडूच्या चित्राचा प्रोग्राम. तो कचरा काढतो. आणि शेवटी पहारेकरी.

"पहारेकरी म्हणजे अँटिव्हायरस?"

"हां. थोरला आणि धाकटा."

"म्हणजे दोन आहेत?" मी ओरडलेच.

"दोनच," मामा म्हणाला. "थोरला कॉम्प्युटरबरोबरच आला. धाकटा मी बसवला. एकट्यावर भिस्त ठेवायची नसते गं. पंपघरात आम्ही एकाच्या जोडीला दुसरा ठेवायचोच. एक दमला तर शहर कोरडं राहील ना."

मी कपाळावर हात मारला. मामीने पाटीवर काही लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. बरंच झालं.

आधी थोरल्याची कोठडी उघडली. अँटिव्हायरसला ज्या फाइलचा संशय येतो ती तो अशा कोठडीत डांबून ठेवतो. रेकॉर्डिंग तिथे असेल अशी आशा होती. आत बघते तर काय, सगळे धाकट्याचे सुटे भाग! मग धाकट्याची कोठडी उघडली. त्यात थोरल्याची माणसं. दोघांनी वर्षभर घराची राखण सोडून एकमेकांनाच पकडण्यात दिवस घालवले होते. मला हसू आवरेना. मामीचेही खांदे हलले. मामा मात्र गंभीर होता. त्याचा धाकट्यावर फार जीव होता.

"मामा, त्या दिवशी शेवटचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा काय घडलं?"

मामीनेच लिहून सांगितलं. वाचून झाल्यावर तिने ती उरलेली सगळी प्रकरणं एकत्र सेव्ह करायला लावली. पडदा गोठला. बाण हलेना. बराच वेळ हलेना. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायचं होतं, बॅग भरायची होती. ती उठून गेली. आणि पुढचं मामाने सांगितलं, खाली बघत. "मेन पाडला मी. मशीन अडकलं की आधी करंट तोडायचा, मग बघायचं. आमच्याकडे तसंच शिकवलंय."

"आणि परत सुरू केलं तेव्हा?"

"काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. डिस्क तपासतोय म्हणाला. तपासू दिलं. तपासणी चांगलीच असते." जरा थांबून तो म्हणाला, "रोजच तपासतो हल्ली. बंद करताना पण अडकतो, म्हणून रोजच मेन पाडावा लागतो."

आता माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. एक फाइल सेव्ह होतेय, तिच्यावर दोन्ही पहारेकरी तुटून पडले. हा म्हणतो मी तपासणार, तो म्हणतो मी. त्या ओढाताणीत कॉम्प्युटर गोठला, आणि फाइल अर्धवट लिहिलेली असताना मामाने वीज तोडली.

मी हे सांगितलं ते मामाने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पंपघरात दुसरा पंप बंद ठेवायचा असतो. जोडलेला, तयार, पण बंद. पहिला थांबला की मग तो." त्याने हाताने एक पाइप दाखवला आणि त्याला दोन बाजूंनी येऊन मिळणारे दोन. "मी दोन्ही चालू ठेवले. मध्ये व्हॉल्व्ह नसताना. एकाचं पाणी दुसऱ्याच्या तोंडात." आणि त्याने मामीकडे बघितलं. "एवढी साधी गोष्ट मला कळू नये."

मामीने पाटी उचलली नाही. ती बोलत असती तर त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाली असती, आणि तोही मोकळा झाला असता. तीच तर अडचण होती.

फोन वाजला. तीच मुलगी. मामीने मामाकडे बोट दाखवलं. त्याने फोन कानाला लावला आणि त्याचे कान लाल व्हायला लागले. "हो, बऱ्या आहेत... नाही, बोलायची बंदी आहे अजून... प्रकरणं? हो. तयार... तयारच म्हणायची. संध्याकाळी ये." फोन ठेवून तो म्हणाला, "म्हणते, मनगटापर्यंतचं सगळं पाठ झालंय. नुसते पंजे राहिलेत."

खोटं बोलणं मामाला जमत नाही. ते त्या मुलीला कळलं असेल की नाही देव जाणे, मला मात्र तिथे बसवेना. मी ते जाड पुस्तक ओढलं. "मी वाचते. आहेत किती पानं! संध्याकाळपर्यंत होईल." शेवटचं प्रकरण उघडलं, माइक पुढे घेतला, वाचायला लागले. पहिल्याच परिच्छेदात 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' आलं. मी आकृतीकडे बघितलं. हाताच्या पंजात दोऱ्यांचा गुंता, आणि प्रत्येक दोऱ्याला बाण. यातला कुठला दोरा आधी सांगायचा, तेच कळेना. मामीने हळूच पुस्तक मिटलं.

एक शक्यता उरली होती. आमच्या दवाखान्यात एकदा वीज गेली आणि नोंदणीच्या फाइली गायब झाल्या. तेव्हा आलेल्या दुरुस्तीवाल्याला मी खांद्यावरून वाकून बघत होते. अशी तपासणी झाली की डिस्कवर जे बेवारस तुकडे सापडतात ते कॉम्प्युटर टाकून देत नाही. एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, नाव न देता, नुसता नंबर घालून. तिथे असू शकतं.

आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली. मी झाडूचा प्रोग्राम उघडला. काय काय झाडायचं याच्या चौकटी होत्या. खाली खाली एक चौकट होती, 'डिस्क तपासणीत निघालेले जुने तुकडे'. मामा रोज झाडत होता. ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळी, चहा घेत.

मी डोळे मिटून घेतले. "मामा, हेही झाडतोस तू?"

तो चष्मा सावरत पुढे आला. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन वाचलं. "हे? नाही. हे नाही. इथली खूण मी पहिल्याच दिवशी काढली."

"का?"

मामाने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की विचारते काय ही. "मशीनमधून काढलेला भाग कधी लगेच फेकतात का? ट्रेमध्ये ठेवायचा. मशीन नीट चालतंय अशी खात्री पटली की मग फेकायचा. कोण जाणे, त्याच भागाची गरज लागेल. आणि हे मशीन नीट चालतंय कुठे? रोज तर तपासणी मागतंय."

मामीने पाटी खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

लपवलेलं फोल्डर दिसू दे, असं कॉम्प्युटरला सांगितलं. दिसलं. आत तुकड्यांची रांग, नुसते नंबर. बरेचसे चिमुकले, काही मोठे. गाण्याच्या फाइली जेवढ्या असतात त्याहून मोठे. आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. नंतर धाकट्याला काढून टाकलं. मामाने बटण स्वतः दाबलं. "बरोबरच आहे," म्हणाला, पण पाठ वळवून. मग एका मोठ्या तुकड्याच्या नंबरापुढचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बदलून तिथे आवाजाच्या फाइलचं शेपूट लावलं आणि चालवलं.

खरखर झाली. आणि मामीचा आवाज आला.

घोगरा, दमलेला, मधेच चिरणारा. "...अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये चिमटीत धर. जाड मांस लागतंय ना? आता अंगठा बोटाकडे दाब. ते टणक होईल..."

त्या घरात किती दिवसांनी ती बोलली होती. मामीने स्वतःच्या घशावर हात ठेवला. मामा भिंतीला टेकला होता, तो तसाच राहिला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मग कामाला लागलो. तुकडे उलटसुलट होते. एक चालवायचा, मामीने ऐकायचं, आणि तो कितवा ते खडूने लिहायचं. पुस्तक तिच्या मांडीवर होतं, पण त्यात बघायची तिला गरज पडत नव्हती. एका ठिकाणी मध्येच थोडं तुटलेलं निघालं, करंगळीच्या जरा अलीकडे. सुदैवाने तिथे आकृती नव्हती. तेवढ्या ओळी मी वाचून घातल्या. त्या मुलीने नंतर कळवलं, बाकी सगळं छान आहे, करंगळीपाशी कुणीतरी घाईची बाई येते. त्यावरून घरात मला अजून चिडवतात.

सगळं जुळवून झालं तेव्हा दुपार कलली होती. खिडकीला अजून ती जाड चादर होती, खोलीत उकडत होतं, पंखा गरगरत होता. मी म्हटलं, शेवटचं प्रकरण एकदा सलग ऐकून घेऊ, मग पेनड्राइव्ह बांधून ठेवू. मामी खुर्चीत रेलली. मामा स्टुलावर बसला आणि सवयीने बाही वर करून हात टेबलावर पालथा ठेवला.

मामीचा आवाज सांगत होता. मामाचं बोट आपल्याच हातावर, ती सांगेल तिथे जात होतं. एका बोटावरून दुसऱ्यावर. मी डोळे मिटून ऐकत होते, आणि मला खरंच तो गुंता सुटताना दिसायला लागला.

मध्येच आवाज थांबला. कागद सरकल्याचा आवाज झाला. आणि मग माइकपासून जरा लांबून, त्या फाटक्या गळ्यातही नेहमीची धार आणून, "अहो! तो पंखा बंद करा आधी. घरघर येतेय सगळी."

मामा ताडकन उठला आणि त्याने पंखा बंद केला.

बटणावर हात तसाच ठेवून तो उभा राहिला. रेकॉर्डिंगमध्ये मामी पुन्हा वाचायला लागली होती. खुर्चीतली मामी हसत होती, तोंडावर पदर दाबून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिने पाटी घेतली, लिहिलं आणि त्याच्यापुढे धरली. 'लावा आता. उकडतंय.'

मामाने पाटी वाचली. पण पंखा लावला नाही. परत येऊन स्टुलावर बसला, हात पालथा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "थांब गं जरा. तुझं वाचून होऊ दे."